आजोबांनी लावलेली चिंच सातबाऱ्यावर आहे का? बांधावरच्या झाडांचा हक्क, नोंद आणि मोबदला समजून घ्या

पाचोरा : खान्देशात आखाजीला अनेक घरांत पितरांच्या नावाने घागर पुजली जाते आणि आंब्याचा नैवेद्य दाखवला जातो. ज्या झाडाचा हा आंबा, ते झाडही बऱ्याचदा त्याच पितरांनी लावलेले असते. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला फळ धरायला सहा-सात वर्षे सहज लागतात, चिंचेला त्याहून जास्त. म्हणजे चिंच लावणारा माणूस ती नातवंडांसाठीच लावतो.

पण झाड बांधावर उभे असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. वाटणी, भूसंपादन किंवा तोडीचा प्रश्न आला की आधी विचारला जातो तो कागद. पाचोरा तालुक्यातील शेतकरी कुटुंबांनी याबाबत काय माहीत करून घ्यायला हवे?

झाडाचा मालक कोण?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ नुसार भोगवट्याच्या जमिनीवरील झाडांचा हक्क त्या जमीनधारकाचा असतो. झाड कोणी लावले किंवा पाणी कोणी घातले, यापेक्षा ते कोणाच्या जमिनीत उभे आहे याला महत्त्व आहे. दोन गटांच्या सीमेवरील झाडावरून वाद असेल तर आधी हद्द ठरवावी लागते. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो.

नोंद कशी करायची?

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करतात. त्याच ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याचा वेगळा पर्याय आहे. बहुतेक जण कापूस, मका नोंदवून ॲप बंद करतात आणि झाडे राहून जातात.

नोंद शेतात उभे राहून करावी लागते, कारण फोटोसोबत ठिकाणही नोंदले जाते. झाडाचे नाव आणि संख्या नीट भरा. चूक झाली तर ४८ तासांच्या आत दुरुस्तीची संधी मिळते. एकाच मोबाइलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंदणी होते. त्यामुळे एक भाऊ सुरतेला आणि दुसरा पुण्याला कामाला असला, तरी गावातला तिसरा भाऊ सर्वांची नोंद करू शकतो.

आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर असेल तर?

झाडाचा हक्क जमिनीमागे जातो. म्हणून जमिनीवर तुमचे नाव लागलेले नसेल, तर झाडाबाबतचा कोणताही अर्ज तिथेच अडतो. वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यावी, असे संहितेचे कलम १४९ सांगते. प्रत्यक्षात अनेक उताऱ्यांवर मृत खातेदारांचीच नावे वर्षानुवर्षे राहतात. ती बदलण्यासाठी एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेण्यात आली. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो.

वारसांत मुलीही येतात. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडिलांचे निधन २००५ पूर्वी झाले असले तरी मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बांधावरचा आंबाही याला अपवाद नाही. वाटणीपत्र करताना मोठ्या झाडांचा उल्लेख केला, तर पुढची भांडणे टळतात.

भूसंपादनात झाडाचे पैसे वेगळे मिळतात का?

हो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ नुसार जमिनीशी जोडलेल्या झाडांचे मूल्य वेगळे काढले जाते. त्यासाठी कृषी, वन, फलोत्पादन या क्षेत्रांतील जाणकारांची मदत घेता येते. जमीन आणि तिच्यावरील मालमत्ता यांच्या एकूण रकमेवर कलम ३० नुसार १०० टक्के दिलासा रक्कम मिळते.

उदाहरण घेऊ. बांधावरच्या झाडांचे मूल्य ४० हजार रुपये ठरले, तर दिलासा रकमेसह ते ८० हजार होते. हीच झाडे पंचनाम्यातून सुटली तर एवढी रक्कम हातची जाते.

रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गासाठी संपादनाचे स्वतंत्र कायदे आहेत, पण मोबदल्याच्या या तरतुदी २०१५ पासून त्यांनाही लागू आहेत. पाचोरा-जामनेर नॅरोगेज ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर असल्याने तालुक्यासाठी हा मुद्दा जवळचा आहे. बाजारमूल्य प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेला धरले जाते. त्याआधीच्या काही वर्षांच्या उताऱ्यांवर झाडे दिसत असतील, तर ती ऐनवेळी लावल्याचा संशय राहत नाही.

स्वतःचे झाड स्वतः तोडता येते का?

प्रत्येक वेळी नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग, खैर, चंदन आणि खान्देशच्या ओळखीचा अंजन ही झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कडुनिंब या यादीत नाही.

पाचोरा शहराच्या हद्दीत नियम बदलतात. नगरपालिका क्षेत्राला १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि तिथे कडुनिंबालाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्ष मानले. झाड तोडायचे असेल तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. ६० वर्षांच्या कडुनिंबामागे ६० झाडे, असा हा हिशेब आहे.

आता काय करावे?

• डिजिटल सातबारा काढून गाव नमुना १२ मध्ये झाडांची नोंद आहे का ते पाहा.
• पुढच्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे न विसरता भरा आणि नोंद झाल्यावर नवा उतारा तपासा.
• वारस नोंद राहिली असेल तर आधी ती पूर्ण करा.
• भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातील एकाने शेतात हजर राहा. झाडे मोजली गेल्याची खात्री करूनच पंचनाम्यावर सही करा.
• तोडीआधी गावात वनविभागाकडे आणि शहरात नगरपालिकेकडे विचारा.

यंदा पावसाळ्यात बांधावर नवे रोप लावणार असाल, तर त्याचीही नोंद पहिल्याच वर्षी करा. त्याची फळे नातवंडे खातील. ते झाड आपले आहे हे दाखवणारा कागदही त्यांना आपणच द्यायचा आहे.