पावतीवरचे पंधराशे

टेंभुर्णीच्या ई-सेवा केंद्रात पासपोर्टचा अर्ज भरला की खिशातून दोन रकमा जातात. छत्तीस पानी साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये सरकारजमा होतात. केंद्रचालकाची मजुरी वेगळी. पुढे पोलीस पडताळणीला कोणी ‘चहापाणी’ मागितलं, तर त्याला कुठल्याच कलमाचा आधार नाही. पंधराशेला मात्र आहे.

१९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्याचा कायदाच नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि कायद्याशिवाय पासपोर्ट अडवता येणार नाही, असं सांगितलं. सरकारची धावपळ उडाली. मे महिन्यात अध्यादेश, २४ जूनला पासपोर्ट कायदा.

शुल्काचं मूळ या कायद्याच्या कलम ५ मध्ये. १९९३ च्या दुरुस्तीनंतर त्यात पैसे कशासाठी घ्यायचे तेही लिहिलं आहे: खास सुरक्षा कागद, छपाई, लॅमिनेशन आणि अनुषंगिक सेवांचा खर्च. आकडा मात्र कायद्यात नाही. कलम २४ ने नियम करायचा अधिकार केंद्राला दिला, त्यातून १९८० चे पासपोर्ट नियम आले आणि दर त्यांच्या चौथ्या अनुसूचीत बसले. हजाराचे पंधराशे झाले ते ऑक्टोबर २०१२ पासून, नियम बदलून. तत्काळला वर दोन हजार. असे नियम संसदेपुढे ठेवावे लागतात, एवढाच लोकप्रतिनिधींचा हात.

खर्चाचा उल्लेख इतका बारकाईने का? कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यात असतं. हा फरक १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट झाला. (हे शिरूर पुणे जिल्ह्यातलं नव्हे, उडुपीचं.) पै-पैचा हिशेब जुळायलाच हवा असं नाही, पण सेवेशी नातं तुटलं, तर शुल्काचा कर होतो.

परदेशातल्या वकिलातीत घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा आधार निराळा. समजा, टेंभुर्णीचा मुलगा दुबईत आहे आणि शेताच्या व्यवहारासाठी वडिलांना कुलमुखत्यारपत्र द्यायचं आहे. तो भारतीय वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करतो, शिक्का मिळतो, शुल्क भरतो. शपथ आणि साक्षांकनाचा हा अधिकार १९४८ च्या कायद्याचा, त्याच्या नावातच ‘शपथ आणि शुल्क’ आहे. दुबईच्या भूमीवर भारताने पैसे कसे घ्यायचे? १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३९ तशी मुभा देतं. त्या रकमेवर तिथलं सरकार कर लावू शकत नाही.

तोच कागद गावी आला की तीन महिन्यांत महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं. नावात ‘शुल्क’, पण जातीने तो कर.