परदेशी परीक्षेतलं कागदावरचं इंग्रजी



ऊसविकास विभागाच्या या पानावर आपण दरमहा लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी यांविषयी वाचता. आज याच पानावर इंग्रजी परीक्षेचा विषय पाहून काहीजण म्हणतील, शेतकी ऑफिसला आता दुसरं काम उरलं नाही वाटतं. पण कारण आहे. आपल्या कार्यक्षेत्रातली मुलंमुली बी. एस्सी. ॲग्री किंवा इंजिनिअरिंग करून पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत आणि त्यासाठी आय.ई.एल.टी.एस. किंवा केंब्रिजची परीक्षा देत आहेत. त्यांतली बरीचशी अनुभवाचा दाखला घ्यायला आमच्याकडे येतात आणि आपण लिहिलेला निबंधही पुढे करतात, "साहेब, जरा बघता का?" म्हणून. आम्ही डिप्लोमावाले, इंग्रजीचे प्रोफेसर नव्हे. परंतु वीस वर्षं रिपोर्ट लिहून आणि अशा वह्या वाचून जे ध्यानात आलं ते सांगतो.

या परीक्षेची किंमत आधी पाहू. एका वेळची फी पंधरा हजार रुपयांच्या वर आहे आणि ती बहुतेक घरांत ऊसबिलातूनच जाते. आपल्या एका सभासदाच्या मुलीला मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एकूण साडेसहा बँड हवे होते आणि कुठल्याही विभागात सहाच्या खाली चालणार नव्हतं. ऐकणं साडेसात, वाचन सात, बोलणं साडेसहा, लेखन साडेपाच. एकूण साडेसहा पडले, तरी प्रवेश अडला. अर्ध्या बँडासाठी सहा महिने गेले आणि फी पुन्हा भरावी लागली. मुलगी हुशार, घरी इंग्रजी पेपर येतो, बोलायला कुठे अडत नाही. अडलं ते लिहिण्यात. तिची वही आम्ही पाहिली तेव्हा प्रत्येक निबंधाची सुरुवात ‘इन दिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन’ अशी होती. विषय पाण्याचा असो, शाळेच्या गणवेशाचा असो की म्हाताऱ्या माणसांचा असो. तिच्या क्लासने दोनशे वाक्यांची झेरॉक्स दिली होती आणि ती पाठ करायला सांगितली होती. पाठ केलेलं उत्तर परीक्षक ओळखतात आणि त्याचे गुण कापतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आय.ई.एल.टी.एस. ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. लेखनाला ६० मिनिटं आणि प्रश्न दोन. पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात किमान २५०. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, म्हणून वेळ २० आणि ४० मिनिटं असा वाटून घ्यावा. उत्तर चार बाजूंनी तपासतात : विचारलं ते लिहिलं का, मुद्द्यामागून मुद्दा नीट आला का, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चौघांनाही सारखंच वजन. म्हणजे भारी शब्दांच्या वाट्याला चौथा हिस्साच आहे, हे झेरॉक्सवाल्यांनी ध्यानात घ्यावं. केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षा १९९१ ची. तीत दीड तासात दोन लेख, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांचे; पहिला निबंध सक्तीचा, दुसऱ्यात पत्र, अहवाल, प्रस्ताव वगैरेंतून निवड. त्याच्या वरची प्रोफिशियन्सी तर फार जुनी. १९१३ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा तीनच उमेदवार बसले होते आणि तिघेही नापास झाले. तेव्हा साडेपाच बँड आले म्हणून कुणी तोंड लपवायचं कारण नाही.

आता मूळ मुद्दा. कागदावरची भाषा वेगळी आणि तोंडची वेगळी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘राव, मोटर जळली, ऊस वाळायला लागलाय, तोड द्या की’ असं आपण गट ऑफिसात बोलतो. अर्जात मात्र ‘सदर गटातील ऊस पाण्याअभावी वाळत असल्याने तोडणी कार्यक्रमात प्राधान्य मिळावे’ असं लिहितो. मजकूर तोच, फक्त अंगावरचे कपडे बदलले. इंग्रजीतही हेच करायचं असतं. बोलताना चालणारी जोडक्रियापदं लिहिताना शक्य तिथे एका शब्दात आणायची : ‘फाइंड आउट’ ऐवजी ‘डिस्कव्हर’, ‘लुक इन्टू’ ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘पुट ऑफ’ ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘गो डाउन’ ऐवजी ‘डिक्लाइन’. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ ही आखूड रूपं निबंधात नकोत, ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ असं पूर्ण लिहावं. ‘अ लॉट ऑफ’ सगळीकडे वापरतात, त्याच्या जागी जरा तोलून लिहावं. शेतकरी मोजता येतात म्हणून ‘अ लार्ज नंबर ऑफ फार्मर्स’. पाणी मोजता येत नाही म्हणून ‘अ कन्सिडरेबल अमाउंट ऑफ वॉटर’. हे उलटं झालं की वाक्य लंगडतं.

पण इथेच आपल्याकडे एक खड्डा आहे. अर्जाची भाषा म्हणजे जुन्या कचेरीची भाषा, असं समजून मुलं ‘आय मोस्ट हंबली बेग टू स्टेट’, ‘काइंडली डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट’ असलं लिहितात. आपल्या देशात हे कागद अजून फिरतात, आमच्याही टेबलावर येतात. परीक्षेत मात्र त्याला औपचारिक नव्हे, शिळं म्हणतात. चौकशीच्या पत्राला ‘आय ॲम रायटिंग टू एन्क्वायर अबाउट’ ही साधी सुरुवात पुरते; तक्रार असेल तर ‘आय ॲम रायटिंग टू एक्स्प्रेस माय डिससॅटिस्फॅक्शन विथ’; मागणी असेल तर ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’. शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. इथे ‘टू हिअर’ नाही, ‘टू हिअरिंग’. आणि सुरुवात ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर खाली ‘युवर्स फेथफुली’, नावाने केली असेल तर ‘युवर्स सिन्सिअरली’. पाय पडण्याची कुठेच गरज नाही. पत्रांचं एवढंच.

आय.ई.एल.टी.एस. च्या ॲकॅडमिक परीक्षेत पहिला प्रश्न आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेच्या चित्राचा असतो, आणि इथे ऊसवाल्याच्या पोरांना घरचंच मैदान आहे. आपल्या कारखान्याचा रिकव्हरीचा आलेख डोळ्यांपुढे आणा. हंगामाच्या तोंडाला उतारा कमी, थंडी पडली की चढतो, जानेवारी-फेब्रुवारीत माथ्यावर, मग काही दिवस सपाट, आणि उन्हं तापली की उतार. याला इंग्रजीत ‘रोझ ग्रॅज्युअली’, ‘रीच्ड अ पीक’, ‘लेव्हल्ड ऑफ’, ‘डिक्लाइन्ड स्टेडिली’ एवढे शब्द पुरतात. तेच फिरवून नामाने लिहिता येतं : ‘देअर वॉज अ ग्रॅज्युअल राइझ इन रिकव्हरी’. दोन्ही तऱ्हा आलटून पालटून वापरल्या की तेच ते वाटत नाही. ‘रोझ’ आणि ‘रेझ्ड’ यांत मुलं हमखास गोंधळतात. भाव आपोआप चढला तर ‘द प्राइस रोझ’. कारखान्याने चढवला तर ‘द फॅक्टरी रेझ्ड द प्राइस’. मराठीत ‘चढला’ आणि ‘चढवला’ यांत कुणी चुकत नाही, तोच फरक.

आणखी एक बारकावा, जो चांगल्या शिकलेल्यांनाही सापडत नाही. उतारा दहावरून अकरा टक्क्यांवर गेला तर तो ‘वन पर्सेंट’ वाढला असं लिहू नये. तो ‘वन परसेंटेज पॉइंट’ वाढला. टक्केवारीने पाहिलं तर ती वाढ दहा टक्क्यांची आहे. हजार टन उसामागे शंभर टन साखर येत होती तिथे एकशे दहा टन येऊ लागली, हे चीफ केमिस्टला विचारायची गरज नाही. आलेखाच्या प्रश्नात ही काटेकोरी दिसली की परीक्षकाला कळतं, लिहिणाऱ्याला आकडे समजले आहेत. मात्र उतारा का घटला याची कारणमीमांसा इथे करू नये. दिसतं तेवढंच सांगायचं, आपलं मत दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवायचं.

प्रक्रियेच्या प्रश्नात कोण करतं ते सांगत नाहीत, काय केलं जातं ते सांगतात. ऊस वजनकाट्यावर तोलला जातो : ‘द केन इज वेड’. मिलमध्ये गाळला जातो : ‘इज क्रश्ड’. रस तापवून त्याला चुना आणि गंधकाचा वायू दिला जातो, स्वच्छ रस आटवला जातो, पॅनमध्ये शिजवून दाणा धरला जातो, सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये मळी वेगळी काढली जाते आणि साखर वाळवून पोत्यांत भरली जाते. प्रत्येक ठिकाणी ‘इज’ आणि पुढे तिसरं रूप : ‘इज हीटेड’, ‘इज इव्हॅपोरेटेड’, ‘इज सेपरेटेड’, ‘इज ड्राइड’. पण गाळ टाकीत आपोआप तळाला बसतो, त्याला कुणी बसवत नाही; तिथे ‘द मड सेटल्स’ असंच लिहायचं, ‘इज सेटल्ड’ नाही. टप्पे जोडायला ‘सबसिक्वेंटली’, ‘ॲट धिस स्टेज’. आणि एकीकडे रस चालला असताना दुसरीकडे बगॅस बॉयलरला जातो, त्यासाठी ‘मीनव्हाइल’. ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही अशा मुलांनी हंगामात जरूर एक फेरी मारावी. आपलाच कारखाना आहे, आणि सभासदांच्या कितीतरी मुलांनी गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

निबंधात मुलांचा सूर फार ठोक असतो. ‘ऊस सगळं पाणी पितो’, ‘मोबाइलमुळे पिढी बरबाद झाली’, ‘सरकारने सगळं मोफत द्यावं’. ठोक विधान म्हणजे जोरदार लेखन असा समज आहे. आम्ही आपल्याला को ८६०३२ ची शिफारस करतो तेव्हा ‘एकरी शंभर टन निघतीलच’ असं कधी म्हणतो का? जमीन निचऱ्याची असेल, बेणं चांगलं असेल, पाणी वेळेवर मिळालं, तर निघू शकतील, असं म्हणतो. उद्या वजन भरलं नाही तर आपण बांधावर येऊन विचारता. इंग्रजी निबंधातही असाच हात राखून लिहिण्याला मान आहे. ‘टेंड्स टू’, ‘इज लाइकली टू’, ‘मे कॉन्ट्रिब्यूट टू’, ‘इन मेनी केसेस’ हे त्यासाठीचे शब्द. दुसऱ्याचं मत मांडायचं तर ‘इट इज ऑफन आर्ग्यूड दॅट’, आणि त्यावर आपलं मांडायचं तर पुढच्या वाक्यात ‘हाउएव्हर’. मत द्यायला सांगितलं असेल तिथे मात्र ठामपणे द्यावं, नुसतं दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहू नये.

इथे आपली मराठी आडवी येते. ‘जरी पाणी कमी होते तरी उत्पादन चांगले आले’ हे आपलं शुद्ध वाक्य. तेच इंग्रजीत नेताना मुलं ‘ऑल्दो’ लिहितात आणि पुढे ‘तरी’साठी ‘बट’ही लिहितात. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच. ‘ऑल्दो वॉटर वॉज स्केअर्स, द यील्ड वॉज सॅटिस्फॅक्टरी’, झालं. नाम आलं तर ‘डिस्पाइट द शॉर्टेज ऑफ वॉटर’. ‘डिस्पाइट ऑफ’ हा प्रकार नाही, ‘ऑफ’ लागतो तो ‘इन स्पाइट ऑफ’ला. ‘विषयी चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितात, तिथे नुसतं ‘डिस्कस’ पुरतं. संशोधने, सल्ले, अवजारे यांची अनेकवचनं आपल्याकडे होतात. ‘रिसर्च’, ‘ॲडव्हाइस’, ‘इक्विपमेंट’, ‘इन्फर्मेशन’ यांना शेवटी ‘एस’ लावू नये. आम्ही पाहिलेल्या वह्यांत निम्म्याहून अधिक लाल खुणा एवढ्याच गोष्टींवर होत्या. मोठ्या शब्दांच्या मागे लागण्याआधी ही तणं काढावीत.

जोडशब्दांचंही युरियासारखंच आहे. मात्रेत दिला तर पीक हिरवं, बचका भरून टाकला तर पीक लोळतं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाला ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन ॲडिशन’ लावलेले निबंध आम्ही वाचले आहेत आणि ते वाचताना दम लागतो. ‘धिस प्रॉब्लेम’, ‘सच मेझर्स’ असे मागच्या वाक्याला धरणारे साधे शब्द पुष्कळदा जास्त काम करतात.

केंब्रिजच्या अहवाल-प्रस्तावात शिफारशीचं वाक्य लागतं. ‘आय वुड रेकमेंड दॅट द कॅनाल बी रिपेअर्ड बिफोर द समर’ यातला ‘बी’ पाहून मुलं छापण्याची चूक समजतात. ती चूक नाही, शिफारशीनंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं. मथळे द्यावेत, मुद्दे थोडे आणि सुटसुटीत असावेत. आपल्या वार्षिक सभेच्या अहवालासारखे पाल्हाळ नकोत, संचालक मंडळाची क्षमा मागून लिहितो.

ती मुलगी पुन्हा बसली. झेरॉक्स बाजूला ठेवून तिने दोन महिने रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहिलं, तिसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचून स्वतः दुरुस्त केलं. लेखनाला साडेसहा आले. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना एकच विभाग साठ दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोयही आता आहे, परंतु आपलं विद्यापीठ तो निकाल धरतं का हे फी भरण्याआधी त्यांनाच पत्र टाकून विचारावं. निकाल साधारण दोन वर्षं चालतो, म्हणून प्रवेशाच्या फार आधी घाई करून परीक्षा देण्यातही अर्थ नाही.

ज्यांना आपलं लिखाण दाखवायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी चारनंतर शेतकी ऑफिसात यावं. येताना स्वतः वेळ लावून लिहिलेली दोन उत्तरं आणावीत, क्लासच्या झेरॉक्स आणू नयेत. गाळप चालू असताना तोडणी प्रोग्रामची गर्दी असते, तेव्हा थोडं थांबावं लागेल.