शेवटच्या एपिसोडपर्यंत जगू द्या की!

टीव्हीवर गे पात्रं दिसायला लागली, हे झकास. पण गोष्टीत त्यांच्या वाट्याला येतं काय?

रविवारची संध्याकाळ. आई, बाबा, काकू, धाकटा भाऊ, सगळे टीव्हीसमोर. कॉमेडी शोमध्ये गुलाबी शर्टवाला एकजण कंबर लचकवत येतो. हशा! काकू म्हणतात, 'काय बाई हा बायल्या!' तुम्हीही हसता. धाकटा भाऊ तर जरा जास्तच जोरात हसतो. तो एवढ्या जोरात का हसला, हे कळायला तुम्हाला कदाचित अजून दहा वर्षं लागतील.

तुमच्या-माझ्यासारख्यांना टीव्हीवर शंभर हीरो मिळतात. एक बंडल निघाला, तर चॅनल बदलायचं. पण ज्याला आपल्यासारखा माणूस वर्षातून एकदाच स्क्रीनवर दिसतो, त्याच्यासाठी तोच एक सगळं काही असतो. म्हणून त्याचं पुढे काय होतं, याला महत्त्व आहे.

लग्न चालेल, किस नको!

'फ्रेंड्स' तुमचं पाठ असेल. रॉसची पहिली बायको कॅरल आणि सुझन यांचं लग्न आठवतंय? जानेवारी १९९६ मधला तो एपिसोड. टेक्सास आणि ओहायोमधल्या दोन स्थानिक स्टेशन्सनी तो दाखवायलाच नकार दिला होता. आणि जो दाखवला गेला, त्यात लग्न होतं, पाहुणे होते, पण नवऱ्या मुलींचा साधा किसही नव्हता.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९७ मध्ये, 'एलेन'च्या नायिकेनं एअरपोर्टवरच्या माइकसमोर चुकून सांगून टाकलं, की मी गे आहे. तो भाग चार कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. तरी १९९८ मध्ये मालिकेचा गाशा गुंडाळला गेला.

दुसऱ्याची गोळी

मग अशी पात्रं वाढली, तशी एक नवीन खोड लागली. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मध्ये टारा आणि विलो भांडण मिटवून पुन्हा एकत्र येतात आणि लगेच टाराला गोळी लागते. गोळी झाडलेली असते दुसऱ्याच कुणावर. हे मे २००२ मध्ये. मार्च २०१६ मध्ये 'द १००' या मालिकेत लेक्सा आणि क्लार्क अखेर जवळ येतात आणि काही मिनिटांत लेक्सा मरते. कशानं? क्लार्कवर झाडलेल्या गोळीनं! चौदा वर्षांनी तोच सीन. या वेळी मात्र प्रेक्षक एवढे भडकले, की मालिकेच्या कर्त्याला जाहीर माफी मागावी लागली. या प्रकाराला तिकडे नावच पडलंय, 'बरी युअर गेज'. म्हणजे गे पात्र आहे ना, मग गाडून टाका!

आपण काही मागे नाही. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आणलं, तेव्हा ते धाडसच होतं. पण त्यातल्या मित्रालाही शेवटी जगता आलं नाही.

मालिकेत मरतात तर सगळेच. मग तक्रार कसली? तक्रार ही, की बाकीचे मेले तरी प्रेम करणारे दहाजण उरतात. इथे एकच जोडी असते. ती संपली, की बघणाऱ्याला निरोप पोचतो : प्रेम केलंस, की संपलास.

बिल कोण भरणार?

मग जमलंय कुणाला? 'शिट्स क्रीक' बघा. डॅन लेव्हीनं ठरवूनच टाकलं होतं, की या गावात समलिंगी लोकांचा द्वेष नसेल. डेव्हिड आणि पॅट्रिक दुकान चालवतात, एकमेकांवर वैतागतात आणि २०२० मधल्या शेवटच्या भागात लग्न करतात. त्या वर्षी एमीमध्ये कॉमेडीच्या सातही मुख्य विभागांत या मालिकेनं बाजी मारली.

'हे परीकथेत ठीक आहे, आपल्याकडे काय?' म्हणाल, तर 'मेड इन हेवन' आहे. कलम ३७७ बद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला सप्टेंबर २०१८ मध्ये आणि ही मालिका मार्च २०१९ मध्ये. त्यातल्या करणला याच कलमाखाली अटक होते. बघताना पोटात गोळा येतो. पण करण फक्त 'बिचारा गे' नाही. तो वेडिंग प्लॅनर आहे, डोक्यावर कर्ज आहे, क्लायंटची कटकट आहे, तो खोटंही बोलतो. अर्जुन माथुरला या भूमिकेसाठी २०२० मध्ये इंटरनॅशनल एमीचं नामांकन मिळालं.

एक गोष्ट गोड, दुसरी कडू. दोन्ही जमल्या, कारण दोन्हींत आधी माणूस आहे. त्याला ऑफिस आहे, उधारी आहे, रुसवेफुगवे आहेत.

तुमच्यासाठी सोपी टेस्ट

नवीन मालिका सुरू केलीत, की तीन प्रश्न विचारा. या पात्राला गे असण्यापलीकडे काही काम आहे का? त्याला हसतात, की त्याच्याबरोबर हसतात? आणि प्रेमात पडल्यावर तो किती एपिसोड टिकतो?

आणि पुढच्या रविवारी तो गुलाबी शर्टवाला आला, तर लेक्चर देऊ नका, फक्त हसू नका. धाकटा भाऊ तेव्हा टीव्हीकडे नाही, तुमच्याकडे बघत असतो.