वालधुनी, एक मीटर बाय एक मीटर

2006 साली कुलपतींच्या पुढाकाराने महाराष्ट्रात ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. तोवर कर्जत लाइनवरच्या कॉलेजांत, म्हणजे उल्हासनगरचं चांदीबाई, तलरेजा, त्यांच्या अलीकडचं कल्याणचं बिर्ला, एम.एस्सी.चं प्रोजेक्ट बाइंडिंग होऊन विभागाच्या कपाटात जायचं. आता तेच काम मीटरभर लांब-रुंद पोस्टरवर उतरवून अनोळखी परीक्षकापुढे उभं राहायचं होतं. आधी विभागीय फेरी, मग विद्यापीठाची, नंबर लागला तर राज्याची.

पोस्टर ही मुळात वैज्ञानिकांनी जागेच्या टंचाईवर काढलेली तोड. निबंध फार, सभागृहं थोडी. 1969 साली माद्रिदला युरोपातल्या जैवरसायनशास्त्रज्ञांनी ती वापरली, 1974 पर्यंत अमेरिकेतही पोचली. तिथे ती गप्पांची सोय होती. आपण तिला गुण आणि पदक जोडलं. वाईट केलं असं मी म्हणणार नाही. गुण नसते तर निम्मी मुलं आलीच नसती.

विठ्ठलवाडी परिसरातल्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही. अंबरनाथच्या बाजूच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराजवळून, कारखाने आणि वस्त्यांमधून, विठ्ठलवाडीवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. गाडी तिच्याजवळून गेली की डोळे मिटलेल्या प्रवाशालाही ते कळतं. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात रसायनं सोडल्याने विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरचे शेकडो लोक आजारी पडले. अशा जागी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलाला काय सुचेल? नाल्याचा गाळ आणायचा, त्यातला जीवाणू वेगळा करायचा आणि तो कापडाचा रंग खातो का ते बघायचं. जीन्स धुण्याच्या धंद्याने विषय आयताच दिला होता.

हा विषय मी इतका पाहिलाय की नळीतला फिका होत गेलेला लाल रंग फोटोत दिसला की पुढचं पोस्टर वाचायची गरज उरत नाही. पण गंमत इथेच आहे. प्रयोगासाठी बाटलीतून विकत आणलेला रंग बहुधा अ‍ॅझो जातीचा, काँगो रेड किंवा मिथिल ऑरेंज. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो, तो अ‍ॅझो नव्हेच. शिवाय अ‍ॅझो रंग तुटला की त्यातून अ‍ॅमाइन्स निघतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. “रंग मोडला, की नुसता पेशींना चिकटला?” एवढं परीक्षकाने विचारलं की पाठ केलेलं भाषण थांबतं. त्या क्षणी घाम पुसून “सर, ते तपासलं नाही” म्हणणारी मुलगी मला पदकवाल्यापेक्षा संशोधनाच्या जवळ वाटते. पोस्टर थर्माकोलवरून फ्लेक्सवर आणि फ्लेक्सवरून तयार टेम्पलेटवर गेलं. हा प्रश्न मात्र जुना झाला नाही.

आणखी एक मजा गटवारीची. स्पर्धेत सहा गट, त्यात जीवशास्त्राला स्वतःचं घर नाही. हळदीच्या अर्काने प्लेटवर जीवाणूंची वाढ थांबून पडलेला एकच झोन शुद्ध विज्ञानात बसतो, औषधनिर्माणातही आणि जरा ओढला तर शेतीतही. मग जिथे गर्दी कमी तिथे अर्ज, हा हिशोब गाईड आणि विद्यार्थी मिळून करतात. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही.

महासाथीच्या काळात राज्यस्तरीय स्पर्धा थांबली, नंतर पुन्हा सुरू झाली. त्याआधीच न्यायालयांच्या आदेशांनंतर उल्हासनगरचे जीन्स धुणारे कारखाने बंद झाले, काही आजूबाजूच्या गावांत सरकले. म्हणजे आधीचं आणि नंतरचं पाणी ताडून पाहण्याची अशी संधी जीवशास्त्राला क्वचितच मिळते. ती कुणाला साधायची होती? प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हास नदीचे नमुने घेतं; पण ते मुख्यतः प्राणवायू, बीओडी, कोलिफॉर्म यांचे आकडे. गाळात लाल अळ्या किती, ट्युबिफेक्स कृमी किती, मासा कुठवर वर चढतो, हे मोजायला लागतात पायाला चिखल लावून घेणारी माणसं. ती आमच्याकडे दरवर्षी नव्याने येतात.

अडचण ‘नावीन्या’च्या गुणांची आहे. गेल्या वर्षीच्या मुलाने जिथून गाळ घेतला तिथूनच, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने पुन्हा घेतला तर परीक्षक म्हणणार, यात नवीन काय? म्हणून दर वर्षीचा विद्यार्थी नवा जीवाणू, नवा रंग, नवी जागा शोधतो आणि मागच्या वर्षीच्या कामाला त्याचं काम जुळत नाही. माझं मागणं मोठं नाही. विद्यापीठाने एक गट असा ठेवावा, ज्यात जुन्याच जागेचं मोजमाप पुन्हा केल्याचे गुण मिळतील, आणि आकडे पोस्टरबरोबर गुंडाळून घरी न जाता विभागात जमा होतील. विठ्ठलवाडीचा पूल, मे महिना, एक बादली गाळ. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.