पणत्या मोजायच्या की मिळवायच्या?

दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना हल्ली छापील कागद मिळतात. डाव्या चौकटीत ८ पणत्या, उजवीकडे ६, मध्ये अधिकचं चिन्ह आणि शेवटी रिकामा चौकोन. मूल कागद पुढ्यात ओढतं, पहिल्या पणतीवर बोट ठेवून ‘एक’ म्हणतं आणि एकेक करत चौदाव्या पणतीपर्यंत पोचतं. उत्तर बरोबर येतं. पण त्या मुलाने चौदा पणत्या मोजल्या. आठात सहा मिळवले नाहीत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बेरीज पायरीपायरीने येते. आधी मूल दोन्ही गट एकपासून मोजतं. मग केव्हातरी त्याच्या लक्षात येतं, की आठ तर आहेतच, पुढे नऊपासून सुरुवात केली तरी चालतं. त्याही पुढची पायरी म्हणजे २ अधिक ७ विचारल्यावर सात मनात धरून दोन पुढे जाणं. गाय ग्रोएन आणि जॉन पार्कमन यांनी १९७२ मध्ये पहिलीतल्या मुलांना उत्तराला किती वेळ लागतो हे मोजलं, तेव्हा तो वेळ प्रामुख्याने लहान संख्येवर अवलंबून असल्याचं दिसलं. म्हणजे मुलं मोठ्या संख्येपासूनच पुढे मोजत होती. १९७७ मध्ये ग्रोएन आणि लॉरेन रेझनिक यांनी शाळेत न गेलेल्या लहानग्यांना फक्त सगळं मोजण्याची रीत शिकवली. पुरेसा सराव झाल्यावर त्यांतल्या काहींनी ही छोटी वाट आपली आपण शोधून काढली.

चित्रांचा कागद नेमका इथे आडवा येतो. चौदाच्या चौदा पणत्या समोर दिसत असताना आठ मनात धरण्याची गरजच काय? त्यापेक्षा फराळाचा डबा बरा. मुलाकडून ८ करंज्या डब्यात मोजून ठेवून घ्या, झाकण लावा, बाहेर ६ ठेवा आणि एकूण किती ते विचारा. झाकणाखालचे आठ आता मनातच धरावे लागतात.

सजावटीबद्दल आणखी एक गोष्ट. जेनिफर कमिन्स्की आणि व्लादिमीर स्लूत्स्की यांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांना स्तंभालेख वाचायला शिकवलं. काहींच्या स्तंभांत वस्तूंची चित्रं होती, काहींचे स्तंभ साधे एकरंगी. पुढे चित्रांची संख्या आणि स्तंभाची उंची जुळत नसलेला आलेख दिला, तेव्हा चित्रांवर शिकलेली अनेक मुलं उंची न वाचता चित्रंच मोजत बसली. पान सुंदर करण्याच्या भरात आपण मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवतो, हे मला पुस्तक छापणाऱ्यांनी आणि पालकांनीही गांभीर्याने घ्यावंसं वाटतं.

मग सण आणि गणित यांची सांगड घालूच नये का? जरूर घालावी, पण बेरजेची खरी गरज पडते तिथे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाला ३५ क्रुझेरोचा एक, अशा ४ नारळांचे किती, असं गिऱ्हाईक बनून विचारलं. तीन नारळांचे १०५ त्याला पाठ होते. त्यांत तीस मिळवून १३५, आणखी पाच, झाले १४०. हेच ३५ गुणिले ४ कागदावर दिलं, तर त्याने आधी हातचा मिळवला, नंतर गुणलं आणि उत्तर लिहिलं २००. या मुलांची बाजारातली उत्तरं ९८ टक्के बरोबर होती, नुसत्या आकड्यांची जेमतेम ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी कोलकाता-दिल्लीतल्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात दुसरी बाजूही दिसली: बाजारात काम करणारी मुलं शाळेच्या उदाहरणांत अडखळतात, तर शाळेतली मुलं बाजाराच्या हिशेबात. म्हणून दोन्ही हवं. तोंडी हिशेब झाला, की तोच लगेच वहीत मांडायचा.

आपल्याकडे त्यासाठी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दुसरी सोय नाही. ‘सात ते चार’ची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ७ ठिपके. वर आणि खाली प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन-दोन ठिपक्यांच्या मध्ये येतात, म्हणून ६, मग ५, मग ४. एकूण ठिपके किती? एकेक मोजायला गेलं तर चूक हमखास होते, कारण कुठला ठिपका मोजला आणि कुठला राहिला ते कळेनासं होतं. मग ओळी मिळवणं आलं. वरचे ६ आणि खालचे ४ मिळून दहा. खालचे ६ आणि वरचे ४, पुन्हा दहा. दोन्हीकडचे पाच-पाच, तिसरे दहा. मधले सात धरून ३७. दहा करून बेरीज करणं हीच तर पुढे हातच्याच्या बेरजेची तयारी, आणि इथे ती मुलाला ओळींतच दिसते. हीच रांगोळी ‘पाच ते तीन’ काढली तर १९ ठिपके, ‘तीन ते दोन’ काढली तर ७. सात, एकोणीस, सदतीस: दर वेळी किती वाढले? बारा, मग अठरा. पुढची वाढ किती असेल, हा अंदाज दुसरीतलं मूलसुद्धा करू शकतं.

पालकांना एकच विनंती. उत्तर चुकलं तरी खोडरबर लगेच पुढे करू नका, ‘कसं मोजलंस?’ एवढं विचारा आणि ऐकून घ्या. यंदा अंगणात नाहीतर गॅलरीत ‘नऊ ते पाच’ची रांगोळी काढा. तिच्यात ६१ ठिपके असतात; ते मुलांना आधी सांगू नका.