कोविडचे प्रवासनियम : कधी लागले, कधी उठले

उड्डाणे : भारताची नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने २३ मार्च २०२० पासून बंद. पुन्हा सुरू २७ मार्च २०२२.

गल्लत नको : ‘वंदे भारत’ (मे २०२०पासून) ही परदेशी अडकलेल्यांना मायदेशी आणणारी सरकारी मोहीम. ‘एअर बबल’ (जुलै २०२०पासून) हा दोन देशांतला, मर्यादित विमानसेवेपुरता करार.

दाखला : ‘कोविन’ या सरकारी लसनोंदणी पोर्टलच्या दाखल्यावर आधी नुसते वय असे. परदेशी जाणाऱ्यांसाठी २०२१मध्ये पूर्ण जन्मतारीख आली. पुण्यात बनलेल्या कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांचे ब्रिटनमधले विलगीकरण टळले, तेही ११ ऑक्टोबर २०२१पासून. कोवॅक्सिन या दुसऱ्या भारतीय लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ला.

भारतात येताना
• १४ फेब्रुवारी २०२२ : सात दिवसांचे सक्तीचे गृहविलगीकरण रद्द, १४ दिवस स्वतःच तब्येतीवर लक्ष ठेवायचे.
• २२ नोव्हेंबर २०२२ : प्रवाशांनी आधी भरायचा ‘एअर सुविधा’ आरोग्य-फॉर्म बंद. सुटकेचा निःश्वास जेमतेम सहा आठवड्यांचा.
• १ जानेवारी २०२३ : चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंडहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर पुन्हा सक्तीची, फेब्रुवारीत तीही मागे.

अमेरिका : विमानात बसण्याआधीच्या चाचणीची अट १२ जून २०२२ला गेली. परदेशी नागरिकांसाठी लसीची अट मे २०२३पर्यंत टिकली.

अजून कायम : पीतज्वराच्या लसीचा दाखला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या जोखमीच्या देशांतून भारतात येताना लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य. २०१६पासून आजन्म वैध.