दाखला समुद्रापार चालतो का?

परवा संध्याकाळी शेजारची एक मुलगी कागदांची पिशवी घेऊन आली. मी बी.ए. झालेला, त्यात कविता करणारा. त्यामुळे मोहल्ल्यातले इंग्रजी अर्ज वाचून द्यायचे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. मुलगी ए.एन.एम. आहे, म्हणजे सहायक परिचारिका प्रसविका. सहा वर्षे उपकेंद्रात कंत्राटावर आहे. म्हणाली, ''चाचा, आखातात स्टाफ नर्सची जागा आहे. एजंट अडीच लाख मागतो. अम्मीच्या बांगड्या आहेत. पण माझा दाखला तिकडे चालेल ना?''

आमच्या कोकणात आखात म्हणजे परदेश वाटतच नाही, घरटी एक माणूस तिकडे असतो. त्यामुळे हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आपण 'नर्स' या एका शब्दात सगळ्यांना बसवतो. प्रत्यक्षात बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि ए.एन.एम. दोन वर्षांचे. याखेरीज सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या किंवा दवाखान्यातच हाताखाली शिकलेल्या मुली आहेत. त्यांची नोंद नर्सिंग कौन्सिलमध्ये होत नाही आणि नोंदणी नसेल तर परदेशात नर्स म्हणून दारच उघडत नाही.

तिकडची परवाना मंडळे दाखल्यावरचे नाव पाहून भुलत नाहीत. वर्गात किती तास, वॉर्डात किती तास, कोणत्या विषयांचे, हे ती मोजतात. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम मुख्यतः गावासाठी आखलेला आहे. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा आपल्याकडचा निकष. तिथे लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण ही कामे. या मुलीने भर पावसात, वीज गेलेली असताना बाळंतपणे केली आहेत. पण ती तासांच्या त्या तक्त्यात बसत नाहीत. मला हे पटत नाही, पण माझ्या न पटण्याने तक्ता बदलत नाही.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आधी संगणकावरची परीक्षा, मग तिथे जाऊन प्रात्यक्षिक, शिवाय इंग्रजीची चाचणी. हा रस्ता पूर्ण शिकलेल्या नर्ससाठी आहे. कॅनडा आणि अमेरिकेत 'प्रॅक्टिकल नर्स' असा खालचा दर्जा आहे, त्याला स्वतंत्र परीक्षा आणि परवाना आहे. नाव ऐकून आपली ए.एन.एम. तिथे जाईल असे वाटते. पण कॅनडात आपल्या जी.एन.एम. झालेल्या मुलींनाही पुष्कळदा याच दर्जावर थांबावे लागते. अमेरिकेने ग्रीन कार्डसाठी नर्सना सवलत दिली आहे, तीही रजिस्टर्ड नर्सना, प्रॅक्टिकल नर्सना नाही. संयुक्त अरब अमिरातीत 'असिस्टंट नर्स' हा वेगळा परवाना आहे. तिथे 'स्टाफ नर्स' म्हणून नेतो असे कोणी ए.एन.एम.ला सांगत असेल, तर पहिली शंका तिथेच घ्यावी.

आखातात कागदांची पडताळणी मूळ ठिकाणी होते. म्हणजे तुम्ही दिलेल्या प्रतीवर न थांबता थेट तुमच्या शाळेला आणि कौन्सिलला विचारले जाते. शाळा बंद पडली असेल, किंवा तिथला कारकून उत्तरच देत नसेल, तर फाइल अडते. नावाचेही तसेच. या मुलीच्या शाळेच्या दाखल्यात 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरे. एका अक्षराने ओळ बिघडते हे मला कवितेमुळे ठाऊक होते; त्याने नोकरी अडते हे तिच्या पिशवीमुळे कळले. आधी ते दुरुस्त करायला लावले.

एजंटाचे म्हणाल, तर परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येते. अडीच लाख कशाचे? परवाना आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. हा दिसला नाही. शिवाय २०१५ पासून सौदी, कुवेतसारख्या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सला, ती कितीही शिकलेली असो, सरकारची मंजुरी लागते. ती टाळायला मुलींना भेटीच्या किंवा घरकामाच्या व्हिसावर पाठवतात. तिथे पोचल्यावर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

मार्ग आहे, पण लांबचा. नोंदणी असलेल्या ए.एन.एम.ला जी.एन.एम.ला प्रवेश घेता येतो. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. त्यानंतर रुग्णालयातला अनुभव घेतला की हेच कागद वेगळ्या नजरेने पाहिले जातात.

मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''तीन वर्षे शिकायचे, चाचा, पण तोवर घर कोण चालवणार?'' बांगड्या मात्र अजून अम्मीच्या हातात आहेत. जी.एन.एम.चा फॉर्म तिने पिशवीत ठेवला आहे.